भिंत अजून जायबंदी

२६ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

हल्ली दार वाजलं की मी लगेच उघडत नाही. आधी खिडकीतून खाली डोकावतो, मग "कोण?" म्हणतो, उत्तर आलं तरी पुन्हा एकदा "कोण?" म्हणतो. बहुतेक वेळा खालचा टायरवाला असतो आणि त्याला फक्त प्यायला पाणी हवं असतं. काल म्हणाला, "सर, बँक लुटून लपलाय का आमच्या डोक्यावर?" मी हसलो. हसताना लक्षात आलं की माझा हात अजून कडीवरच आहे.

एका ठिकाणी वर्षभर टिकलास तरच पत्र लिही, असं तू बजावलं होतंस. वर्ष मार्चमध्ये होईल. तरी लिहितोय, कारण फोन तू उचलत नाहीस, आणि भावजींना अजून वाटतं की मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानातून पळालो. पळालो नव्हतो. दिवसभर काचा घासून घासून मला रस्त्यावरची माणसंसुद्धा दोन दोन दिसायला लागली होती. जाऊ दे, तो विषय नंतर.

तर मी शिक्षक झालोय. हस पोटभर. अर्धी शाळा टाकून आलेला तुझा भाऊ दहा-अकरा वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. मधे मी एका शीतगृहात पहारेकरी होतो, बटाट्यांवर लक्ष ठेवायचं काम. बटाटे काही पळून जात नाहीत, म्हणून मोबाइलवर फुटबॉलच्या बातम्या वाचत बसायचो, सगळ्या इंग्रजीत. वाचता वाचता भाषा अंगात आली, पण आली ती तेवढीच. मला ताप आला तर मी इंग्रजीत फक्त एवढंच म्हणू शकतो की शनिवारच्या सामन्यासाठी माझं खेळणं शंकास्पद आहे.

या टायरच्या दुकानावर इंग्रजीचा क्लास आहे. त्याच्या मॅडमनी विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी सांगितलं, बातम्यांत. म्हणाल्या, एक तास घेऊन दाखवा. मी एका मॅचची बातमी फळ्यावर उतरवली आणि गोलांचे आकडे तेवढे पुसून टाकले. कोण जिंकलं हे शेवटच्या ओळीत लपलेलं होतं. पोरं अशी तुटून पडली वाचायला, की मॅडमनी त्याच दिवशी क्लासची किल्ली दिली. राहतोही तिथेच. आता पोरांची भाषाही माझ्यासारखीच झालीय. कुणाची आई न्यायला उशिरा आली की ती एक्स्ट्रा टाइममध्ये असते. मॅडम चिडलेल्या असल्या की अंडर प्रेशर.

पोरं शनिवारी गल्लीच्या लीगमध्ये खेळतात आणि सोमवारी त्या मॅचची बातमी लिहितात. ती मी आमच्या वेबसाइटवर टाकतो. साइट फुकटातली आहे, मीच बनवली, वर गावाचं नाव, क्लासचा पत्ता, मोसमभराचं वेळापत्रक, खऱ्या साइटवर असतं तसं सगळं. खेळाडूंची नावं नाहीत, टोपणनावं. सगळ्यांवर शिट्टी वाजवत फिरते ती रेफ्री. बोलताना मधेच थांबतो तो कॉमा. आणि आमची गोलकीपर भिंत, दिसायला काडी, पण तिच्या पलीकडे बॉल जात नाही.

भिंतचा फोटो कुठे टाकायचा नाही, असं तिच्या आईने प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवलंय. मी एकही टाकलेला नाही. तेवढं नीट केलं.

पण ऑगस्टपासून आम्हाला एक वाचक मिळाला. बातमीखाली प्रतिक्रिया लिहायची जागा असते, तिथे तो लिहायला लागला. सहीच्या जागी "जुना कीपर". साधी, स्वच्छ इंग्रजी. रिपोर्ट आवडला म्हणायचा, चुका प्रेमाने सुधारायचा, पोरांना प्रश्न विचारायचा. मी तर हवेतच गेलो. फुकटात दुसरा मास्तर. पोरांना म्हटलं, प्रत्येकाने आळीपाळीने उत्तर लिहायचं. ग्लोव्ह्ज कुठल्या रंगाचे? लिहिलं. सराव कुठे करता? लिहिलं. सरावानंतर घरी पायी जाता का? तेही लिहिलं, कॉमाने, एकही चूक न करता, आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मागच्या आठवड्यात पोरांनी लिहिलं की पेनल्टीच्या आधी भिंत दोन्ही खांबांना हात लावते. खाली जुन्या कीपरने विचारलं: "डाव्या खांबाला अजूनही टाच लावते का?"

टाचेचं कुणीच लिहिलं नव्हतं, ताई. मी सगळ्या बातम्या उलट्या क्रमाने पुन्हा वाचल्या. कुठेच नाही. आणि हे "अजूनही" कुठून आलं?

भिंतला विचारलं. तिने ग्लोव्ह्ज काढले, पिशवीत घातले, पिशवीची दोरी ओढून गाठ मारली, मग दुसरी गाठ मारली. तिच्या आईला सांगितलंय मी. ती म्हणाली, बघू. तेव्हा काळजीचं तसं कारण नाही. तरी तुला लिहावंसं वाटलं.

तुझा,
भाऊ

७ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी, त्यातली एक माझ्या अक्षराबद्दल. तिसरीत विचारलंयस, "तिच्या आईला खरंच सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. घाबरलो होतो. तिने मॅडमना सांगितलं असतं, आणि मॅडमनी किल्ली परत घेतली असती. तुझं पत्र वाचून मात्र तसाच निघालो.

भिंतची आई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे. तळघरात, वाफेत. ओल्या कापडाचा वास इतका की बाहेर आल्यावर आपलाच शर्ट ओला वाटतो. ती एकटीच चादरी घडी करत होती. मी तोंड उघडलं, तर तिने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. "धरा. बोलत बोलत करू. मुकादम बघतोय." चादर घडी करताना दोघांना एकमेकांकडे चालत यावं लागतं. दर घडीला तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर यायचा, आणि मी जे सांगत होतो ते तिच्या डोळ्यांत बघून सांगावं लागायचं.

टाचेचं सांगितलं तेव्हा ती तिथेच थांबली. चादर मधे ताणलेली.

"कधीपासून लिहितोय तो?"

"ऑगस्टपासून."

"आणि पोरं उत्तरं देतात."

"सरावासाठी," मी म्हणालो. आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

मग तिने सांगितलं, चादरी घडी करत करतच. नवरा गोलकीपर होता, बऱ्यापैकी मोठा. गुडघा गेला, खेळ सुटला, मग मुलीला कीपर करायचं डोक्यात घेतलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची. मागच्या अंगणात पाच हातांवरून शॉट मारायचा. एकदा ती घाबरून बॉलकडे पाठ करून उभी राहिली, म्हणून त्याने तिचा डावा हात धरून फिरवला. मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, आणि त्या प्लास्टरसकट तिला पुन्हा उभं केलं. डावा हात उचलत नव्हता, म्हणून ती डाव्या खांबाला टाच लावायला लागली. बरी झाल्यावर पुन्हा हात लावते. टाचेचं फक्त तिघांना माहीत.

"कोर्टाने त्याला लांब राहायला सांगितलंय," ती म्हणाली. "कोर्ट काय रोज मैदानावर येऊन उभं राहणार आहे? ज्या दिवशी सापडलो त्या दिवशी सापडलो."

मी म्हणालो, फोटो मी एकही टाकला नाही हो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. हलकेच म्हणाली, "शब्दांनी काढलात की, सर. तुम्ही पोरांना चांगलं शिकवलंत. वाचणाऱ्याला समोर दिसलं पाहिजे, असं सांगता ना? ती घरी येऊन मला म्हणून दाखवायची. त्याला दिसली ती."

पोलिसांत जाऊन आलो, मॅडमही बरोबर होत्या. साहेबांनी प्रतिक्रिया वाचल्या, मान हलवली. "यात धमकी कुठाय? छान सेव्ह, म्हणतोय. आणि लिहिणारा तोच, हे कशावरून? तो आला, काही केलं, तर सांगा." काही केल्यावर सांगायचं.

आता नीट वाच. लीगची फायनल चौदा तारखेला आहे, मैदान पाण्याच्या टाकीमागचं. हे मोसमाच्या सुरुवातीपासून वेळापत्रकात आहे, मीच टाकलंय. काल त्याने खाली लिहिलं: "फायनल बघायला मी स्वतः येतोय." साइट बंद केली तर त्याला कळेल की आपल्याला कळलंय, आणि तो आजच निघेल. म्हणून सगळं होतं तसंच ठेवायचं आणि त्याआधी दोघींनी जायचं. पण कुठे? तिचं कुणी नाही, आणि जे आहेत त्यांचे पत्ते त्याला पाठ.

तुझा पत्ता त्याला माहीत नाही, ताई. तुझ्याकडे वरची खोली रिकामी असते. दुकानात काचा पुसायला माणूस लागतोच, आणि ही बाई माझ्यासारखी पळणारी नाही. म्हणजे पळतेय, पण तशी नाही.

उत्तर क्लासवर नको. टायरवाल्याच्या दुकानाचा नंबर खाली देतोय.

तुझा,
भाऊ

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई,

टायरवाला काल जिन्यातून ओरडला, "सर, तुमची ताई, आणि तिला घाई आहे." तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तू म्हणालीस "पाठव" आणि ठेवून दिलास. मी फोन कानालाच धरून उभा होतो. टायरवाल्याने विचारलं, वाईट बातमी का? म्हटलं, नाही, आमच्यात असंच बोलतात.

तुमच्या बाजूची गाडी इथून आठवड्यातून दोनदाच सुटते आणि आता राहिली ती उद्याचीच, दुपारची. गाड्या बदलत जायचं तर रात्र वाटेतल्या स्टँडवर काढावी लागते, ते त्या दोघींना नको. आणि बस स्टँड कुठे, तर पाण्याच्या टाकीला लागून. स्टँडवर उभं राहिलं की गोलपोस्ट दिसतात. म्हणजे तो जिथे येणार तिथूनच त्या दोघी जाणार.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा खोटी बातमी लिहिली. मैदानात पाणी साचल्यामुळे फायनल जुन्या कारखान्यामागच्या मैदानावर हलवली आहे. ते मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला. समोरच्या संघाला खरं कारण न सांगता पुढची तारीख दिली. पण कारखान्याच्या मैदानावर कुणीच दिसलं नाही तर तो परत फिरेल. तेव्हा उद्या क्लासमध्ये बसून आम्ही लाइव्ह लिहिणार. मोठ्या साइटवर मिनिटामिनिटाला टाकतात तसं. किकऑफ लांबली, पंच वाटेत अडकले, जाळी बांधायची राहिली. गाडी सुटेपर्यंत त्याला तिथे थांबवून ठेवायचं.

पोरांना मॅडमनी सांगितलं, मला जमलं नसतं. "भिंतला एका माणसापासून लांब न्यायचंय. त्यासाठी उद्या आपण खोटं लिहिणार आहोत. तुमच्या आईवडिलांना मी सांगितलंय. ज्याला नको त्याने येऊ नये." रेफ्रीने हात वर केला. फळ्याच्या कोपऱ्यात मी पहिल्या दिवशी एक नियम लिहिला होता, जे झालं तेच लिहायचं, आणि तो कधी पुसलेला नाही. ती त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मग याचं काय?"

मॅडम म्हणाल्या, "तो सोमवारपासून पुन्हा लागू."

"मग उद्यापुरतं झाकून ठेवा," रेफ्री म्हणाली. आणि स्वतःच उठून त्यावर कॅलेंडर टांगून आली.

आज मी दोनदा स्टँडवर जाऊन आलो. एका बाकावर टोपीवाला एक माणूस पेपर वाचत होता. त्याच्यासमोरून चार वेळा गेलो. शेवटी तोच म्हणाला, "काय हवंय?" मी म्हणालो, वेळ किती झाली? माझ्या मनगटावर घड्याळ होतं. त्याने ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी उचलून दुसऱ्या बाकावर गेला.

तिला तिखट चालत नाही, मुलीला. आणि मागून एकदम हाक मारू नकोस.

तुझा,
भाऊ

१५ नोव्हेंबर, रविवार

ताई,

हे पत्र पोचेल तेव्हा त्या तुझ्याकडे असतील. असतीलच. गाडी सुटलेली टायरवाल्याच्या भावाने पाहिली, दोघी मागच्या सीटवर, मुलीने खिडकीचा पडदा ओढून घेतलेला. तेव्हा आता मी जे लिहितो ते वाचून घाबरू नकोस. मी घाबरून झालोय दोघांच्या वाटचं.

दुपारी पोरं जमली. खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू होता. तो सुरू असला की जमीन पायाखाली बारीक थरथरते, आम्हाला सवय आहे. कॉमाने पहिलं वाक्य टाकलं, किकऑफ थोडी लांबली आहे. दोन्ही संघ वाटेत. रेफ्रीने पंचांच्या गाडीचं चाक पंक्चर केलं, टायरवाल्याच्या डोक्यावर बसून हेच सुचणार. ताई, इतकी चांगली इंग्रजी या पोरांनी कधी लिहिली नव्हती. एक वाक्य दुरुस्त करावं लागलं नाही. मला मात्र ते वाचवत नव्हतं.

खाली त्याची प्रतिक्रिया आली: "मी मैदानावर आहे. इथे कुणी नाही."

म्हणजे आला होता. तोपर्यंत कुठेतरी मला वाटत होतं की हे सगळं आपल्या डोक्यातलं आहे.

पोरांनी लिहिलं, संघ पोचतच आहेत. तो म्हणाला, ठीक. पुन्हा लिहिलं, जाळीचं काम चालू आहे. त्यावर उत्तर आलं: "इथे गोलपोस्टच नाहीत."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. त्या मैदानावर आमच्यापैकी कधी कुणी गेलंच नव्हतं.

त्यानंतर काहीच आलं नाही. मी पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. तो लिहीत होता तेव्हा निदान कुठे आहे ते कळत होतं. मग लक्षात आलं की साइटच्या वरच क्लासचा पत्ता आहे. मी मॅडमना म्हटलं, पोरांना मागच्या जिन्याने घरी न्या. त्या सगळ्यांना घेऊन गेल्या. रेफ्री शौचालयात होती. कुणीच मोजलं नाही, मीही नाही. बाहेर येऊन म्हणाली, "सगळे कुठे गेले?" तिला न्यायला तिची आई यायची होती, आणि ती कायमच एक्स्ट्रा टाइममध्ये.

तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला. तो थांबला की जिन्यावरची पावलं ऐकू येतात. सावकाश येत होता, एका पायावर जोर देत. दार उघडंच होतं. मी आठवडे न् आठवडे त्या दाराला जपलं, आणि नेमकं तेव्हा ते सताड उघडं.

मी काहीतरी राक्षस बघायच्या तयारीत होतो. आला तो इस्त्रीचा शर्ट, पाण्याने भांग पाडलेला, लग्नाला निघाल्यासारखा. हातात कागदात गुंडाळलेले ग्लोव्ह्ज.

"सर ना तुम्ही?" तो म्हणाला. "पोरांकडून छान लिहून घेता."

मी म्हणालो, क्लास सुटलाय.

"मैदानावर कुणी नव्हतं."

"हो. म्हणजे, रद्द झाली." माझा आवाज कुठून येत होता कुणास ठाऊक.

त्याने खोली बघितली. बाकं, दोन कॉम्प्युटर, कॅलेंडर. ते जरा वाकडं टांगलेलं होतं, ते त्याने सरळ केलं. "हे तिच्यासाठी आणलेत," ग्लोव्ह्ज दाखवत म्हणाला. "माप अंदाजाने घेतलंय. हात वाढला असेल आता. कुठाय माझी मुलगी?"

गाडी सुटायला अजून वेळ होता, ताई. स्टँड इथून चालत जाण्याइतकं. मी तोंड उघडलं आणि तोंडात काही नव्हतं. बटाट्यांच्या गोदामात शिकलेला एकसुद्धा शब्द नाही.

"ती जायबंदी आहे," रेफ्री म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. मी मधे उभा राहिलो, राहिलो असं मला वाटतं. तिने मला बाजूला केलं, मैदानावर करते तसं, कोपराने.

"परवा सरावात पडली. म्हणून तर मॅच रद्द झाली. दुसरा कीपर नाहीये आमच्याकडे."

"कुठे लागलं?"

"हाताला."

"कुठल्या हाताला?"

"डाव्या," ती म्हणाली. "मनगट."

तो बसला. पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता, जसे काही ते दुसऱ्या कुणी तिथे ठेवून दिलेत. शेवटी म्हणाला, "जुनंच दुखणं असेल ते."

त्याने ग्लोव्ह्जवरचा कागद उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सहा आठवडे," रेफ्री म्हणाली. फुटबॉलच्या बातम्यांत सगळं सहा आठवड्यांचंच असतं.

"घाई करू नका. अर्धवट बरा झालेला हात..." ते वाक्य त्याने तिथेच सोडलं. ग्लोव्ह्ज टेबलावर ठेवले, कागद सारखा केला. "बरी झाली की द्या. मी थांबेन." आणि आला तसा एकेक पायरी मोजून टाकत उतरला. खाली टायरवाल्याला नमस्कार केल्याचंही ऐकू आलं.

मी जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने रेफ्रीला विचारलं, तुला कसं माहीत, डावं मनगट? भिंतने सांगितलं?

"नाही सर. ती बॉल नेहमी उजव्या हातानेच फेकते. डावा पोटाशी धरून ठेवते. मी बघत असते ना."

मग तिला रडू फुटलं. तिची आई येईपर्यंत मी तिला पाणी देत होतो आणि ती ते न पिता हातात धरून बसली होती.

तुझा,
भाऊ

२० डिसेंबर, रविवार

ताई,

त्या पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. त्यात भावजी मुलीला काचांचे नंबर शिकवतात म्हणून लिहिलंयस, ते मी अनेकदा वाचलं. मला त्यांनी कधी शिकवले नाहीत. बहुधा मी थांबलो नाही.

तू विचारलंयस, आता तू परत का येत नाहीस. सांगतो.

तो गेलाच नाही. स्टँडसमोर खोली घेतलीय. सकाळी टायरवाल्याच्या दुकानापलीकडच्या बाकावर येऊन बसतो, संध्याकाळी उठतो. कुणाला काही बोलत नाही. पोलिसांचं म्हणणं, बाकावर बसणं गुन्हा नाही, आणि ज्यांच्यापासून लांब राहायचं त्या तर इथे नाहीत. दोन पोरांच्या घरच्यांनी क्लास सोडवला, त्यांचं बरोबर आहे. बाकीच्यांना आईवडील जिन्यापर्यंत सोडतात आणि जिन्यातूनच घेऊन जातात. साइटवरून मी पत्ता, वेळापत्रक, मैदान, सगळं काढलं. पोरं आता कुणालाही उत्तर लिहीत नाहीत. लिहितो तो मीच.

दर सोमवारी एक ओळ टाकतो. भिंत अजून जायबंदी, प्रगती समाधानकारक. भिंतने हलका व्यायाम सुरू केला. मोठ्या क्लबांच्या साइटवर असतात अगदी तशा. चाहत्यांना आशा लावून ठेवायची, तारीख द्यायची नाही. तो खाली लिहितो, धन्यवाद. एकदा लिहिलं, रात्री शेकायला सांगा. मी लिहिलं, सांगतो.

जोपर्यंत ती बरी होत नाही तोपर्यंत तो इथे आहे. आणि तो इथे आहे तोपर्यंत तुमच्याकडे नाही. म्हणून मी जाऊ शकत नाही, ताई. मी गेलो तर बातमी थांबेल, आणि बातमी थांबली की तो उठेल. सकाळी डोळे उघडले की आधी खिडकीशी जातो. तो बाकावर दिसला की खिडकीची कडी लावतो. नाही दिसला तर दिसेपर्यंत तिथून हलत नाही. मॅडम म्हणतात, असं किती दिवस? एक मोसम, म्हटलं. तोवर मुलीची शाळा होऊ दे, तिच्या आईला त्या गावात चार माणसं ओळखू देत. पुढचं पुढे.

ग्लोव्ह्ज कपाटावर आहेत, कागदासकट. ते मी तिला पाठवणार नाही, आणि टाकवतही नाहीत.

भटकायची हौस आता एवढीच भागते की तुला पत्र टाकायला दोन गावं पलीकडे जातो, दर वेळी वेगळ्या गाडीने. मागच्या वेळी एका गावात नदीवर लोखंडी पूल होता, त्यावर उभं राहून वाटलं, असंच पुढे जावं. मग आठवलं, उद्या सोमवार.

एक काम आहे. सहा आठवडे येत्या शनिवारी भरतात. पुढची बातमी त्याला पटायला हवी आणि त्याला ते दुखणं माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. काल त्याने विचारलंय: "प्लास्टर काढल्यावर आधी कुठलं बोट हललं?" मला खरं उत्तर हवं, अंदाजाने चालणार नाही. मुलीला तू विचार. ती जेवत असताना नको, आणि समोर बसून नको. काचा पुसत असेल तेव्हा, शेजारी उभी राहून, तूही एक काच पुसत. नाही सांगावंसं वाटलं तर राहू दे, मी काहीतरी बघतो.

रेफ्रीने नियमावरचं कॅलेंडर अजून काढलेलं नाही. मी म्हटलं, काढ की आता. म्हणाली, "मॅच संपली कुठे?"

पत्र बंद करायच्या आधी खिडकीतून बघितलं. बाकावर कुणी नाही. रविवारीसुद्धा तो यायला एवढा उशीर कधी करत नाही. स्टँडकडच्या रस्त्यावरही नाही. टायरवाल्याला वरूनच विचारलं, तो म्हणाला सकाळपासून दिसला नाही. तुमच्या बाजूची गाडी आज नाही, पण माणूस दोन गाड्या बदलून येऊ शकतो. खालच्या दाराला कडी आहे ना तुमच्या? वरच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे की मागे, मला आठवत नाहीये.

तुझा,
भाऊ

ता. क. आला. ब्रेड आणायला गेला होता. बाकावर बसून खातोय. मी इथेच आहे.